‘बाळ सुखरूप आहे ना, मग रडतेस कशाला?’

ताई,
मी सत्तावीस वर्षांची आहे. बाळंतपणासाठी माहेरी, जुळे सोलापुरात आले आहे. नवरा पुण्याला नोकरीला आहे, रविवारी येऊन जातो. सात आठवड्यांपूर्वी मुलगा झाला. आदल्या संध्याकाळपासून कळा सुरू होत्या, सकाळी बाळाचे ठोके कमी झाले म्हणून घाईघाईत सिझर केलं. बाळाला पेटीत ठेवलं होतं, चार तासांनी मला दाखवलं. बाळ आता छान आहे. मी नाही. सासूबाई फोनवर म्हणाल्या, “आजकालच्या पोरींना कळा सोसत नाहीत.” बारशाला आलेली प्रत्येक बाई पहिलं हेच विचारत होती, नॉर्मल का सिझर? मी रडले की आई म्हणते, बाळ सुखरूप आहे ना, मग रडतेस कशाला. आणि दृष्ट काढते. बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही. स्पिरिटचा वास आला की ऑपरेशनचं टेबल डोळ्यांपुढे येतं. बाजूला पसरून ठेवलेले हात, पोटात कुणीतरी हात घालून खेचतंय असं वाटणं, दात वाजवणारी थंडी, पडद्यापलीकडे बाळ रडत नाही आणि नुसतीच धावपळ. आपण मरतोय की काय असं वाटलं होतं. आणखी एक, जे कुणालाच सांगितलेलं नाही. बाळाला घेऊन गॅलरीत उभी राहिले की मनात येतं, हा माझ्या हातून खाली पडला तर? मीच टाकला तर? आता मी गॅलरीत जातच नाही. त्याच्याकडे बघून सगळ्यांना भरून येतं, मला तसं काही होत नाही. मी वाईट आई आहे का? गोळ्या सुरू केल्या तर अंगावरचं दूध बंद करावं लागेल का?
ता. क. दुसऱ्या वेळीही सिझरच होईल का?
– एक बाळंतीण, जुळे सोलापूर

तू गॅलरीचं शेवटी आणि दबक्या आवाजात लिहिलं आहेस, म्हणून मी तेच आधी घेते. असे विचार नव्या आयांच्या मनात येतात, आणि तुला वाटतं त्याहून कितीतरी जास्त जणींच्या. ज्या अभ्यासांत बायकांना मोकळेपणानं बोलू दिलं, तिथे बाळाला काही अपघात होईल असे नकोसे विचार जवळजवळ सगळ्यांनीच सांगितले. आणि आपल्याच हातून बाळाला इजा होईल असा विचार मनात चमकून गेला, असं जवळपास निम्म्यांनी सांगितलं. त्या काही बाळाला टाकणाऱ्या बायका नव्हत्या. मन सतत पहाऱ्यावर असलं की धोक्याची चित्रं स्वतःच रंगवायला लागतं. त्यात झोप नसली तर विचारायलाच नको. तो विचार आला की तुझ्या पोटात गोळा येतो, तू दोन पावलं मागे सरतेस, बाळाला घट्ट धरतेस. ज्या बाईपासून बाळाला खरा धोका असतो तिचं असं नसतं. तिला त्या विचाराची भीती वाटत नाही, तो पटलेला असतो. कुणीतरी कानात सांगतंय, हे बाळ माझं नाहीच, बदललेलं आहे, याच्यात काहीतरी वाईट शिरलंय, अशी तिची खात्री होते. झोप दोन-दोन दिवस नसते आणि तरी थकवा जाणवत नाही, बोलणं असंबद्ध होतं, घटकेत हसू घटकेत संताप. हा वेगळा आजार आहे. हजारात एक-दोघींना होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच सुरू होतो, आणि तिथे त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो, रात्र असली तरी. तुझ्या पत्रात यातलं काही दिसत नाही. पण हे वाचताना यातलं एखादं जरी ओळखीचं वाटलं, किंवा जगूच नये असं मनात येत असलं, तर पुढचं वाचत बसू नकोस. आईला हाक मार, जवळ बसवून घे आणि सांग.

गॅलरीत न जाण्यानं मात्र भीती वाढत जाते. आज गॅलरी टाळलीस, उद्या जिना टाळशील, परवा बाळाला अंघोळ घालायची टाळशील. जबरदस्तीनं जाऊन उभी राहा असं मी म्हणत नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला हा विचार जसाच्या तसा सांगायचा, गुळगुळीत करून नाही. त्यांनी असं पुष्कळदा ऐकलेलं असतं.

आता आईच्या वाक्याकडे येते. तुझी आई ते मायेनंच म्हणते यात शंका नाही. पण हे एक वाक्य आपल्याकडे बाळंतिणीचं तोंड जितकं बंद करतं तितकं दुसरं काही करत नसेल. बाळ सुखरूप आहे याचा आनंद आणि त्या सकाळी आपण मरतोय की काय असं वाटल्याची भीती, दोन्ही एकाच बाईच्या मनात एकाच वेळी राहतात. आनंद आहे म्हणून भीती पुसली जात नाही. शिवाय सिझरनंतर एक गंमतच होते. हेच ऑपरेशन तुझ्या भावाच्या पोटावर झालं असतं, तर दीड महिना त्याला कुणी उठू दिलं नसतं, भेटायला येणारे नारळपाणी घेऊन आले असते आणि दुखतंय का म्हणून विचारलं असतं. तुला भेटायला येणारे बाळाला बघतात, नाक कुणावर गेलंय यावर चर्चा करतात आणि चहा पिऊन जातात. पोटाची कातडी, स्नायूंवरचं जाड आवरण, गर्भाशय, इतकं सगळं उघडून शिवलेली बाई दर दोन तासांनी उठून पाजते आहे, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

आणि ‘कळा सोसत नाहीत’ म्हणे! तू रात्रभर कळाही सोसल्यास आणि वर ऑपरेशनही. सासूबाईंच्या काळात बाळाचे ठोके असे घसरले असते तर काय झालं असतं, हे त्यांनाही आठवत असेल. त्या पिढीतल्या प्रत्येक घरात एखादं न जगलेलं मूल किंवा बाळंतपणात गेलेली काकू-आत्या असायचीच. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या बाळंतपणांपैकी २५.४ टक्के सिझरनं झालेली आढळली. म्हणजे चारातली एक. तुझ्या बारशाला जमलेल्या तरण्या बायकांत स्वतःचं सिझर झालेल्या किती असतील बघ. त्याही हाच प्रश्न विचारत होत्या, ही खरी मौज. विनाकारण सिझर होतात की नाही हा वाद खरा आहे, तो व्हायलाही हवा. पण तो वाद दवाखान्यांशी घालायचा असतो, ठोके घसरल्यावर टेबलावर नेलेल्या बाळंतिणीशी नाही.

त्या टेबलाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तू वर्णन केलंस त्यावरून मला दिसतं की तिथे काय चाललंय हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. घाई होती, सांगायला वेळ नसेल. पाठीत इंजेक्शन देतात त्यानं दुखणं जातं, पण दाब आणि ओढाताण जाणवत राहते. पोटात कुणीतरी हात घालून खेचतंय असं जे तुला वाटलं ते खरंच तसं होत होतं, आणि भूल कमी पडल्यामुळे नव्हतं. दोन्ही हात बाजूच्या फळ्यांवर पसरून ठेवतात ते एका हाताला सलाइन आणि दुसऱ्याला बीपीचा पट्टा असतो म्हणून. दात वाजेपर्यंत थंडी भरून येणं त्या भुलीनंतर नेहमीचं आहे. पडद्यापलीकडे बाळ रडलं नाही, दोन मिनिटं नुसतीच धावपळ ऐकू आली, ती धावपळ बाळाचं अंग पुसून त्याला श्वास घ्यायला लावण्याची असते. ज्या गोष्टीचा अर्थ लागत नाही ती मन पुन्हा पुन्हा दाखवत राहतं. अर्थ लागला की पुष्कळदा तिचा जोर ओसरतो.

म्हणून एक काम कर. जिथे सिझर झालं तिथून तुझ्या फाइलच्या सगळ्या कागदांची प्रत मागून घे. तो तुझा हक्क आहे. रुग्णानं लेखी मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात असा डॉक्टरांसाठीचा नियमच आहे. मग डॉक्टरांची पंधरा मिनिटांची वेळ घे, नवऱ्याला बरोबर ने. ठोके किती वाजता कमी झाले, किती वेळ कमी राहिले, बाळानं आत शी केली होती का, त्याला पेटीत का ठेवलं, आणि गर्भाशयावरचा छेद आडवा आहे का उभा, हे विचार. भांडायला जायचं नाही. तुझ्या डोक्यात त्या सकाळचे तुकडे पडले आहेत, ते क्रमानं लावायला जायचं. डॉक्टर उत्तर द्यायला टाळाटाळ करत असतील तर फाइल घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. ती फाइल वाचून कुणीही हे समजावू शकतं.

चार तासांनी बाळ बघितलं म्हणून माया आटली, असं काही होत नाही. सिनेमात दाखवतात तशी बाळ छातीवर ठेवताक्षणी माया उसळते ती काहीजणींची. बाकीच्यांची हळूहळू लागते. दुखण्यातून उठलेल्या, न झोपलेल्या बाईची आणखी हळू. तू त्याला वेळेवर पाजतेस, लंगोट बदलतेस, त्याच्यासाठी गॅलरी सोडलीस, आणि मला विचारतेस मी वाईट आई आहे का.

पण सात आठवडे झाले आहेत, आणि इथे मी तुला नुसता धीर देऊन सोडणार नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, उगाच चिडचिड होणं अर्ध्याहून जास्त बायकांना होतं आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप जातं. दोन आठवड्यांपुढे रेंगाळलं, बाळ झोपलेलं असतानाही झोप लागत नाही, कशातच जीव रमत नाही, स्वतःला दोष देणं थांबत नाही, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला होता. त्यात हे प्रमाण २२ टक्के निघालं. सिझर झालं म्हणजे ते होतंच असं नाही, पण अचानक, घाईत झालेल्या सिझरनंतर त्याची आणि त्या प्रसंगाच्या धास्तीची शक्यता थोडी वाढते. तुझ्या बाबतीत दोन्ही थोडं थोडं असावं असा माझा अंदाज आहे. पत्रावरून निदान होत नसतं, म्हणून दाखवायला जा. अंगावर काढू नकोस.

दाखवायचं कुठे? सगळ्यात आधी घरबसल्या १४४१६ हा नंबर लाव. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. मग प्रत्यक्ष मानसोपचारतज्ज्ञ. खासगीत परवडत असेल तर ठीक. नाहीतर आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचाराचा विभाग आहे. तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर, ही धास्ती सोलापुरात प्रत्येकाला असते, आणि भेटतंही. ते कशाला आलेत हे त्यांनाही तुला सांगायचं नसतं, एवढं लक्षात ठेव. तिथे तुला एक दहा प्रश्नांचा कागद देतील किंवा तोंडी विचारतील. १९८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये खास बाळंतिणींसाठी तयार झालेली ती प्रश्नावली आहे, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल असतो. आई शेजारी बसली असेल तर तिला जरा बाहेर थांबायला सांग आणि खरं उत्तर दे.

त्याच खेपेत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. सिझरमध्ये रक्त जातं, आणि आपल्याकडे मुळातच बायकांचं रक्त कमी असतं; रक्त कमी असलं की हातपाय गळणं, धडधड, चिडचिड सगळं वाढतं. थायरॉइड तर बाळंतपणानंतरच्या वर्षात काहीजणींचं बिघडतंच, आणि त्याची लक्षणं नैराश्यासारखीच दिसतात.

गोळ्यांबद्दल. सौम्य त्रासाला नुसत्या समुपदेशनानं, आठवड्याला एक अशा काही बैठकांनी, चांगला गुण येतो. गोळी लागलीच तर पाजत्या आईला चालतील अशा गोळ्या आहेत. सरट्रालिन नावाचं औषध दुधात फारच कमी उतरतं, म्हणून डॉक्टर बऱ्याचदा तेच निवडतात. दूध तोडावं लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर काहीच फरक नाही म्हणून सोडायची नाही. बरं वाटल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवायची. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून झोपेची गोळी आणून मात्र घेऊ नकोस, बाळ तुझ्या कुशीत झोपतं.

आता घरातलं. हे मी तुझ्या आईसाठी लिहिते आहे, तिला वाचायला दे. बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन, आणि आत बाळंतिणीच्या खोलीच्या खिडक्या बंद, पंखा बंद, कानाला रुमाल, खाटेखाली शेगडी. हे मी सोलापुरात दर मे महिन्यात बघते. बाळंतीण घामानं निथळते, टाक्यांवर घाम साचून जखम चिघळते, आणि बाळाच्या अंगावर घामोळं उठतं. पंखा लावा. ‘वारं’ काही लागत नाही. पाणी पिल्यानं टाके पिकत नाहीत आणि भातानं पू होत नाही. पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते, तिला तांब्याभर पाणी हाताशी ठेवा. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर हवी तेवढी करा, पण डाळ, भाजी, भाकरी, अंडं खात असाल तर अंडं, हे रोजचं जेवणही द्या. मालिशवाल्या बाईला पोटावर हात लावू देऊ नका. टाक्यांभोवती बधिर वाटणं काही महिने राहतं, ते चालतं. लाली, पू, ताप आला तर डॉक्टर. नळाला पाणी रात्री-अपरात्री येतं म्हणून घागरी भरायला तिला उठवू नका, तिनं बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही.

आणि झोप. तिला चोवीस तासांत एकदा तरी सलग चार-पाच तास झोप मिळाली पाहिजे. औषधाच्या खालोखाल हेच. रात्री नऊला तिनं पाजून दुसऱ्या खोलीत जाऊन आडवं व्हायचं, मधल्या वेळचं दूध काढून वाटीत ठेवायचं आणि ते आजीनं चमच्यानं पाजायचं. दृष्टही काढा, माझी ना नाही. मीठ-मोहऱ्या उतरून झाल्या की डॉक्टरांचीही वेळ घ्या.

नवऱ्याला तू काही सांगितलेलं नाहीस असं दिसतं. तो रविवारी येतो तेव्हा पाहुणा म्हणून येतो, बाळाचे फोटो काढून जातो. त्याला हे पत्र वाचू दे. फोनवर सासूबाईंना उत्तर देण्याचं काम तुझं नाही, त्याचं आहे. “आई, त्या दिवशी दोघंही जाता जाता वाचले, मी बाहेर उभा होतो. यापुढे सिझरचा विषय नको.” एवढं एक वाक्य मुलाच्या तोंडून गेलं की पुरतं, सुनेनं दहा वेळा समजावून काही होत नाही. जमत असेल तर त्यानं दोन आठवडे रजा काढावी. रात्रीची एक पाळी त्यानं घ्यावी, दवाखान्यात बरोबर यावं. त्यालाही त्या सकाळची धास्ती बसलेली असू शकते. पहिल्या वर्षात साधारण दहातल्या एका बापालाही नैराश्य येतं, फक्त त्याला कुणी विचारत नाही.

बाळाची दहाव्या आठवड्याची लस आता तोंडावर आली आहे. तिथे स्पिरिटचा वास असणार. एकटी जाऊ नकोस. ते टेबल डोळ्यांपुढे यायला लागलं तर पाय जमिनीवर घट्ट टेकव, थंड पाण्याची बाटली हातात धर, आणि आज कुठली तारीख, कुठला वार, आपण कशासाठी आलोय, हे तोंडानं म्हण. बरोबरच्या बाईला आधीच सांगून ठेव, म्हणजे ती तुझ्याशी बोलत राहील. बाळाला इंजेक्शन देताना तिनं धरलं तरी चालतं.

ताज्या कलमाचं उत्तर: दुसऱ्या वेळी सिझरच, असं काही नाही. आधी एक सिझर झालेल्या ज्या बायका नॉर्मलचा प्रयत्न करतात त्यांतल्या साधारण ६० ते ८० टक्के जणींचं जमतं. पण तो प्रयत्न कुणी करावा हे गर्भाशयावरच्या छेदावर आणि पहिलं सिझर कशामुळे झालं त्यावर ठरतं. पोटावरची खूण आडवी असली म्हणजे आतला छेदही आडवाच असतो असं नाही. म्हणून ती फाइल जपून ठेव. असं बाळंतपण जिथे ऐनवेळी ऑपरेशनची सोय आहे तिथेच करायचं. आता त्रास झाला तसा पुढच्या वेळीही होण्याची शक्यता जास्त असते, तेव्हा दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे सांगायचं. मध्ये अंतरही हवं; जागतिक आरोग्य संघटना बाळंतपण आणि पुढची गर्भधारणा यांत किमान २४ महिने सांगते. अंगावर पाजते आहे म्हणून दिवस राहणार नाहीत, या समजुतीवर विसंबू नकोस. सव्वा महिन्याची तपासणी राहिली असेल तर या आठवड्यात करून घे आणि त्याच वेळी तांबी, गोळ्या की आणखी काही, हेही विचारून घे.